नामदेव हे नाव कोणाला परवडतं?

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात आईबापांसाठी एक सोय आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव त्याच वेळी लिहिलं पाहिजे अशी सक्ती नाही. बारा महिन्यांच्या आत ते फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. चंडीगडमधल्या एका मराठी घराने या सोयीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पाळणा बांधला गेला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या, आणि आत्याने बाळाच्या कानात 'विठ्ठल' असं सांगितलं, कारण देवाच्या नावापलीकडे दुसऱ्या कुठल्याच नावावर घरात एकमत झालं नव्हतं. दाखल्यावरची जागा रिकामी राहिली.

बाळाचा बाप लष्करात, चंडीमंदिरच्या छावणीत. वाद रंगला तेव्हा तो कामगिरीवर बाहेर होता. आई शहरातल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिचे वडीलही फौजेत होते, त्यामुळे तिची शाळा अंबाला, जालंधर, चंडीगड अशी फिरत झाली आणि पंजाबी तिला मराठीइतकीच येते. सासरे हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मी त्या घरचा जुना स्नेही. सून आणि सासरे, दोघांच्या संमतीने त्यांचं बोलणं इथे देतो आहे, फक्त नावं गाळून.

जुन्या नावाचा आग्रह म्हाताऱ्या माणसाचा आणि नव्याचा सुनेचा, असंच कोणालाही वाटेल. इथे गाडी उलट होती. सून म्हणत होती नामदेव. सासरे म्हणत होते, काहीही ठेवा, नामदेव नको.

सासरे: अर्णव ठेव. अर्थ समुद्र. शब्द शुद्ध आहे, इंटरनेटवर कोणी जोडून काढलेला नाही. इथल्या लोकांना उच्चारता येईल, इंग्रजीत लिहिताना अडचण नाही. आणि मुख्य म्हणजे, ऐकणारा त्यावरून गाव विचारणार नाही, जात विचारणार नाही.

सून: चांगलंच नाव आहे, बाबा. पण आमच्या वॉर्डात मी रोज नवी बाळं बघते. अर्णव, आरव, विहान, कियान, रेयांश. मराठी, पंजाबी, हरियाणवी, सगळ्यांची तीच. नावावरून पोर कुठलं आहे हे कळत नाही.

सासरे: तेच तर मला हवंय. कळू नये.

सून: का कळू नये?

सासरे: तू गावात वाढली नाहीस, म्हणून विचारतेस. माझ्या थोरल्या भावाचं नाव नामदेव होतं. आई त्याला नामा म्हणायची. बाकी सगळ्या गावाचा तो नाम्या. मुकादमाचा नाम्या, दुकानदाराचा नाम्या. सावकाराचा पोरगा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तोही 'ए नाम्या' म्हणून बोलवायचा, आणि भाऊ 'जी' म्हणून जायचा. मी शिकलो, मास्तर झालो, तर मला लोक गुरुजी म्हणायला लागले. तो साठीला आला तरी नाम्याच. आमच्या गल्लीत आणखी दोन नामदेव होते. तेही नाम्याच. वाड्यात राहणाऱ्या एकाही पोराचं नाव नामदेव नव्हतं.

सून: पण यात नावाचा काय दोष? दोष हाक मारणाऱ्याचा.

सासरे: खरं आहे. पण दोष कोणाचा हे ठरवल्याने हाक बदलत नाही. नाव बापाने ठेवायचं असतं आणि ऐकायचं पोराला असतं.

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. मराठी नावांचा इतिहास लिहायचा झाला तर त्यातलं अर्धं प्रकरण हाकांचं असेल. रामचंद्र कोणाचा रामभाऊ झाला आणि कोणाचा राम्या, धोंडोपंत कोण आणि धोंड्या कोण, हे बारशात ठरत नव्हतं. ते घर, शेत आणि जात ठरवत होती. गेल्या पन्नास-साठ वर्षांत गावाकडच्या कष्टकरी घरांनी मुलांची नावं सुनील, संजय, राहुल, पुढे रोहन आणि आदित्य अशी ठेवली, त्याला आपण सिनेमाची नक्कल म्हणून नाकं मुरडली. त्या बदलामागे 'ए नाम्या'पासून पोराला सोडवण्याची धडपड होती, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात यायला उशीर लागतो. सुनेलाही थोडा लागला. पण तिची बाजू तिच्याजवळ तयार होती, आणि ती पंजाबातली होती.

सून: बाबा, मी हे नाव पहिल्यांदा नीट ऐकलं ते घुमानला. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथे साहित्य संमेलन झालं ना, अठ्ठ्याऐंशीवं, सदानंद मोरे अध्यक्ष होते ते. चंडीगडची चार-पाच मराठी घरं मिळून आम्ही गाडी करून गेलो होतो. गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव, चहूकडे गव्हाची शेतं, आणि गावात नामदेवांचं स्थान. तिथले म्हातारे लोक आम्हाला म्हणत होते, तुम्ही बाबा नामदेवजींच्या मुलखातून आलात. आमच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावत होते. तोपर्यंत आपण महाराष्ट्राचे म्हणजे मुंबईवाले, एवढंच मला इथे ऐकायची सवय होती.

सासरे: ते मला ठाऊक आहे. नामदेवांच्या नर्सीला शीख यात्रेकरू येतात. नांदेडला गुरू गोविंदसिंगांची अखेर झाली १७०८ साली, आणि नर्सी तिथून फार लांब नाही. आमच्याकडे ही दोन्ही नावं एका दमात घेतात.

सून: मग हेही ठाऊक असेल की १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, अठरा रागांत. गुरुद्वारात माणूस ग्रंथासमोर कपाळ टेकवतो तेव्हा तो त्या पदांसमोरही टेकवतो. तिथे ग्रंथ म्हणजे गुरू. आपल्याकडे नामदेवांनी मागितली काय, तर पायरी. पंढरपूरला महाद्वारात आपण त्या पायरीला पाय न लावता पुढे जातो, हात लावून नमस्कार करतो. इथे त्याच माणसाचे शब्द रेशमी रुमालात ठेवून डोक्यावरून नेतात.

सासरे: संतांबद्दल माझा वाद नाही. संत देव्हाऱ्यात आहेत. पाळण्यात का आणतेस? शीख लोक तरी पोराचं नाव नानक ठेवतात का?

सून: ठेवतात. पंजाबीतले मोठे कादंबरीकार नानकसिंग. त्यांचं मूळ नाव हंसराज होतं, शीख झाल्यावर त्यांनी नानक हे नाव घेतलं. आणि नामदेवसिंगही असतात. आमच्या इस्पितळात ते नाव पुकारलं की लोक वळून बघतात, पण हसत नाहीत.

सासरे: बरं, असतील. पण तू ज्यांचं सांगतेस ते नामदेव आपलेच, हे तरी सगळ्यांना मान्य आहे का? आपले नामदेव १२७० चे. १३५० मध्ये पंढरपूरला समाधी. नामदेव एक की दोन, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. विष्णुदास नामा तर पुष्कळ पुढच्या काळातला वेगळा कवी. त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळलेत.

सून: मी अभ्यासक नाही. पण ग्रंथातली पदं मी कीर्तनात कित्येकदा ऐकली आहेत. देवाला ते 'बीठल' म्हणतात. पंजाबी किंवा हिंदी कवीला विठ्ठल कुठून सुचेल? शब्दांना 'चे', 'ची' असे प्रत्यय लागलेले सापडतात. आपल्या इथल्या ग्रंथीजींना ते अडायचे, मला अडत नव्हते. शिवाय गोष्टी त्याच. देवाने नाम्याच्या हातचं दूध प्यायलं, ती तिथे आहे. देवळातून हाकललं म्हणून नामदेव मागच्या बाजूला जाऊन बसले आणि देऊळच फिरलं, तीही आहे.

सासरे: औंढ्याचं देऊळ! ते आमच्या तालुक्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी आजोबा नंदी दाखवायचे, बघ, नंदी मागच्या बाजूला राहिला म्हणून.

सून: म्हणजे देऊळ हिंगोलीत फिरलं आणि त्याची साक्ष अमृतसरमध्ये लिहून ठेवलेली आहे.

सासरे इथे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मास्तर माणूस, पुरावा समोर आला की त्याला मान देणारा. पण त्यांनी बाजू सोडली नव्हती, आणि माझ्या मते त्यांनी पुढे जे विचारलं तो या सगळ्या वादातला सर्वांत कठीण प्रश्न होता. तिथवर यायला मात्र त्यांना वळण घ्यावं लागलं. मध्ये पत्रिकेचा विषय निघाला, बाळाचं अनुराधा नक्षत्र आणि पहिल्या चरणाचं अक्षर 'ना' निघालं, सुनेने ते सहज सांगितलं, सासरे म्हणाले मी ते मानत नाही, मानायचं तर नारायणही चालेल. शेजारच्या सरदारजींच्या घरी ग्रंथ उघडून जे वचन निघेल त्याच्या पहिल्या अक्षरावरून नातवाचं नाव ठरलं होतं, तेही बोलणं झालं. या गोष्टी आल्या आणि गेल्या.

सासरे: अर्थाचं बोल. अर्णवला अर्थ आहे. नामदेवाला काय आहे?

सून: नाम हाच देव. मूर्ती, देऊळ, पुजारी, यांतलं काही नसलं तरी चालतं, नाम असलं की झालं. तेराव्या शतकात देवळाबाहेर बसवलेल्या माणसाला याहून मोठा आधार कुठला? आणि इथल्या कानाला त्यातलं 'नाम' लगेच ऐकू येतं, बाबा. नाम जपो, किरत करो, वंड छको. नाव घ्या, कष्ट करा, वाटून खा. इथल्या शेंबड्या पोराला हे पाठ असतं. आपण पुढे 'या' लावून ते अक्षर मारून टाकलं.

सासरे: किरत करो, हे मात्र नामदेवांनी केलं. शिंपीकाम सोडलं नाही.

सून: ग्रंथात कबीरांच्या श्लोकांत तो संवादच आहे. त्रिलोचन नामदेवांना विचारतात, कापडावर छापे कसले मारत बसलास, देवाकडे चित्त लाव. नामदेव सांगतात, तोंडाने नाव घे आणि हातापायांनी काम कर, चित्त त्याच्यापाशी राहू दे.

सासरे: तिथेच माझं दुसरं म्हणणं आहे. शिंपी. नामदेव म्हटलं की जात आली. आपल्याकडे 'नामदेव शिंपी' ही जात म्हणून कागदावर लिहितात. उत्तरेत काय आहे?

सून: तेच आहे. इथे छिंबा म्हणतात, छापे मारणारे आणि शिवणारे. मध्य प्रदेश, राजस्थानात तर तो समाज नामदेव हे आडनाव म्हणूनच लावतो. गोविंद नामदेव, ते सिनेमातले, सागरचे.

सासरे: बघ. आठशे वर्षांत एका माणसाचं नाव जातीचं नाव होऊन बसलं. ज्या माणसाने मंगळवेढ्याला भिंत पडून मेलेल्या चोखोबाच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर त्याची समाधी बांधली, त्याचं नाव. आता तू ते पोराला दिलंस तर इथे त्याला छिंबा समजतील आणि आमच्याकडे शिंपी समजतील. आपण दोन्ही नाही.

सून: समजू देत. त्यात कमीपणा काय?

सासरे: कमीपणा नाही. पण त्याला प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागेल.

सून: कबीर नावाच्या पोरांना कोणी खुलासा मागतं का? आमच्या वॉर्डात कबीर सारखे येतात. हिंदू, शीख, सगळ्यांच्या घरी. मुंबई-पुण्यातही आहेत. कबीर विणकर होते, जुलाहा. विणकराचं नाव फॅशनमध्ये आणि शिंप्याचं नाव गावंढळ, असं कसं?

सासरे: कारण कबीर आपल्या गल्लीत कोणी नव्हता.

सून: म्हणजे?

सासरे: कबीर लांबून आला. पुस्तकातून आला, गाण्यातून आला. त्या नावाने आपल्या गावात कोणी पाणी भरलं नाही, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. म्हणून ते नाव आपल्याला स्वच्छ वाटतं. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या गावातल्या म्हाताऱ्याला विचार, त्याला तसंच वाटतं का. आणि तुला नामदेव का सुंदर वाटतो? तो तुला घुमानला भेटला, कीर्तनात भेटला. आमच्या गल्लीत भेटला असता तर तूही अर्णवच म्हणाली असतीस.

सून: ...

सासरे: राग नको मानू. तू इस्पितळात नोकरी करतेस, नवरा फौजेत अधिकारी. या शहरात तुमच्या पोराला कोणी नाम्या म्हणणार नाही. तुला हे नाव परवडतं, बाई. माझ्या भावाला परवडलं नाही.

'परवडणं' हा शब्द त्यांनी फार नेमका वापरला. जुन्या नावांचं जे पुनरुज्जीवन शहरांत दिसतं, ते बहुतेक वेळा सुस्थितीतल्या घरांत दिसतं. ज्यांना नावाने काही गमावायचं नसतं ते मातीतलं नाव उचलू शकतात, आणि मग त्याचं कौतुकही होतं. ज्यांच्या घरात ते नाव पिढ्यान्‌पिढ्या होतं ते त्याच्यापासून पळत असतात, कारण मातीत राहण्याचे कष्ट त्यांनी भोगलेले असतात. सुनेने यावर उत्तर दिलं नसतं तर हा वाद सासऱ्यांनी जिंकला, असं मी लिहिलं असतं. ती बराच वेळ बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत बसली. मग बोलली.

सून: बाबा, तुमचं खरं आहे. मला परवडतं. पण ज्यांना परवडत नव्हतं त्यांनीही हे नाव मोठं केलंच ना? नामदेव जाधव कोण होते ते तुमच्या मुलानेच मला सांगितलं होतं.

सासरे: व्हिक्टोरिया क्रॉसवाले.

सून: नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. साधे शिपाई, कंपनीचे निरोप्ये. पलीकडच्या बांधावर बरोबरची माणसं जवळजवळ सगळी पडलेली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून छातीभर पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकटेच परत गेले. शत्रूचं एक मशीनगन ठाणं बंदुकीने बंद पाडलं, हाताला गोळी लागली, बंदूक धरता येईना, तेव्हा हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी बंद पाडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून घोषणा देत मागच्यांना बोलावलं. चोवीसही पूर्ण नव्हते. त्यांच्या गावातही कोणीतरी त्यांना नाम्या म्हणतच असेल.

सासरे: म्हणत असेल.

सून: आणि ढसाळ? पुण्याजवळच्या पूर गावात जन्म, लहानपण कामाठीपुऱ्यात. १९७२ ला 'गोलपिठा', त्याच वर्षी दलित पँथर. तुमच्या पिढीला तुम्हीच सांगा, नामदेव म्हटल्यावर त्या दिवसांत आधी कोण आठवायचं?

सासरे: आमच्या डी.एड. कॉलेजात तो संग्रह हातोहात फिरायचा. अर्धे म्हणायचे हे वाचू नका, आणि तेच रात्री वाचायचे. पण बघ, ढसाळांनी नाव मिळवलं आणि मग ते नामदेव झाले. नावाने त्यांना काही दिलं नाही.

सून: मीही तेच म्हणते. नाव काही देत नाही. ज्यांनी ते चालवलं त्यांनी त्याला दिलं. शिंप्याने दिलं, शिपायाने दिलं, कवीने दिलं. आणि तुमच्या भावाने दिलं.

सासरे: त्याने काय दिलं?

सून: तुम्हाला शिकवलं ना? ते ऊसतोडीला गेले आणि तुम्ही डी.एड.ला. हे मला सासूबाईंनी सांगितलंय, तुम्ही कधी बोलला नाहीत. आपल्या घरात हे नाव ज्याने धरलं त्याच्यामुळे आज माझं बाळ चंडीगडला जन्मलं. मला परवडतं, कारण त्यांनी त्याची किंमत आधी मोजली. आता परवडतंय तरी ठेवायचं नाही, म्हणजे गावाने मारलेली हाक आपण खरी ठरवायची आणि आईने मारलेली खोटी.

मला सगळ्या वादातलं हे बोलणं सर्वांत पटलं. संतमहिमा, ग्रंथातली पदं, शौर्यपदक, ही सगळी मोठी साक्ष झाली, पण मुलाचं नाव ठरतं ते घरातल्या माणसावरून. मराठी घरांत आजोबांचं, पणजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत होती, त्यामागे हाच हिशेब होता. ज्याचं देणं फिटलं नाही त्याचं नाव पुढे चालवायचं. ही रीत आपण मोडली ती बहुधा योग्य कारणांसाठी मोडली. पण कारणं संपल्यावरही मोडलेलीच ठेवायची, असा नियम नाही.

आणि नामदेवांच्या स्वतःच्या घरातली नावं पाहिली तर संकोच आपोआप गळून पडतो. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई. चार मुलगे नारा, विठा, गोंदा आणि म्हादा. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव ही चार देवांची नावं घरच्या तोंडी अशी झिजली, आणि परंपरेने ती झिजलेलीच जपली. चार सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. यांतली कितीतरी माणसं अभंग रचणारी होती. दारातली जनी तर आपल्या मुद्रेत नामदेवांचं नाव घालून उभी आहे. पुढच्या काळातल्या कवींनाही 'नामा' म्हणून सही करावीशी वाटली. नावाची लोकप्रियता मोजायची तर हे मोजमाप मला जन्मनोंदींच्या आकड्यांपेक्षा भरवशाचं वाटतं. आज नवजात मुलांत मराठी मुलखात नामदेव क्वचितच ऐकू येतो. मतदार यादीत जुन्या वयाच्या पानांवर मात्र तो जागोजागी आहे.

सासऱ्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला, शहराच्या नावाने.

सासरे: हे एवढं आखीव शहर. लाहोर गेलं म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती, तर नेहरूंनी जुन्याचं काही ओझं नको म्हणून परदेशातून वास्तुविशारद आणला, ल कॉर्बुझिए. वस्त्यांना नावंसुद्धा दिली नाहीत, आकडे दिले. सेक्टर सतरा, सेक्टर बावीस. असल्या गावात नामदेव कसा शोभेल?

सून: आकडे दिले, पण शहराला नाव द्यायची वेळ आली तेव्हा डोंगरपायथ्याच्या चंडीच्या देवळाचंच दिलं. तुमचा मुलगा रोज त्याच देवळाशेजारच्या छावणीत जातो.

सासरे: ... हे मी विसरलो होतो.

सून: आणि आकड्यांच्या शहरात राहिल्यावर नाव असलेलं माणूस फार हवंसं वाटतं, बाबा. मी इथे वाढले, मला विचारा.

सासरे: शाळेत चिडवलं तर?

सून: चिडवतील. अर्णवलाही चिडवतील. इथल्या पोरांना चिडवायला नाव लागत नाही. पण सरदारांच्या पोराने घरी जाऊन आजीला सांगितलं की वर्गात नामदेव नावाचा मुलगा आहे, तर त्याची आजी त्याला काय सांगेल ते मला माहीत आहे.

सासरे: माझी एक अट आहे.

सून: सांगा.

सासरे: घरात, फोनवर, लाडानेसुद्धा, कोणी त्याला नाम्या म्हणायचं नाही. तुझ्या नवऱ्यालाही सांग, फौजेतली माणसं लगेच नावं तोडतात.

सून: आणि नामा?

सासरे: नामा म्हणा. आणि इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ओ घाल. जाधवांचं ओ आहे, ढसाळांचं ओ आहे.

सून: इथे सगळे व्ही लिहितात, बाबा. घुमानच्या पाट्यांवरही व्ही आहे. कागदपत्रांत घोळ होईल.

सासरे: ग्रंथात कसं आहे?

सून: पुष्कळ ठिकाणी नामदेउ आहे. शेवटी उ.

सासरे: मग त्याला ओच जवळचा.

सून: बरं, ओ. पण मग पहिलीपासून त्याला गुरुमुखी शिकवायची.

सासरे: शिकव. त्याच्याआधी मला शिकव. आठवडाभर आहे मी इथे, आणि ती एकसष्ट पदं मला स्वतः वाचायची आहेत.